चौकीने खाल्लेला मुद्देमाल

जमादारांचे ओठ निळे पडले होते. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांची मान मागे लटकली होती, तोंड उघडं होतं, आणि मी दहा आकडे मोजेपर्यंत त्यांनी एकदाच श्वास घेतला. एक शिपाई बाकावर पालथा पडला होता. दुसरा स्टोव्हपाशी भिंतीला टेकून घोरत होता, पळी अजून हातात. दुपारचे दोन वाजले होते. चौकीत जागी माणसं दोनच, मी आणि कोठडीतला आरोपी. आरोपी गज धरून उभा होता आणि मला सांगत होता, “बाय, दार खोल. यो झोपला तं उठाचा नाय.”

किल्ल्या जमादारांच्या कमरेला होत्या.

ती दुपार माझ्या डोक्यातून गेलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दंगे पाहिले, ते आता एकमेकांत मिसळतात. ही दुपार मिसळत नाही.

मी अधिकारी नव्हते, हे आधीच सांगते. शिपाई म्हणून लागले आणि जमादार म्हणून बाहेर पडले. शिक्षण चौथीपर्यंत. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, तिचं उल्हासनगर झालं. तिथे बायकांची झडती घ्यायला बाई पाहिजे म्हणून सरकारने मला घेतलं. मी बदलापूरची, तरुणपणी विधवा झालेली, आणि पोलिसाला न घाबरणारी. आणखी काही पात्रता कोणी विचारली नाही. आमची चौकी एका जुन्या बराकीच्या टोकाला होती. ताकद चौघांची, एक जमादार, दोन शिपाई आणि मी. फौजदार दुसऱ्या ठिकाणी बसत आणि सायकलवरून फेरी मारत.

आरोपी म्हणजे बदलापूरकडच्या एका गावचा आगरी म्हातारा, हातभट्टीवाला. दारूबंदी नुकतीच लागली होती. जमादारांनी त्याला आदल्या दिवशी ओढ्यातून दोन डब्यांसह उचललं होतं.

परवानगीशिवाय कोठडी उघडली तर नोकरी जाते, आणि माझ्या नोकरीवर घरची तीन माणसं जेवत होती. जमादारांच्या घरी सात जण जेवत होते. मी किल्ल्या काढल्या आणि कोठडी उघडली. म्हातारा बाहेर आला, दाराकडे बघितलंही नाही, सरळ जमादारांपाशी गेला आणि त्यांच्या पापण्या वर केल्या. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

“अफू,” तो म्हणाला. “जास्त झाली. याला चालवाला पायजे. बसवू नको. तू त्या बाजूला धर.”

“अफू कुठून आली?”

“भाजीतशी.”

“ती भाजी तुम्हीसुद्धा खाल्लीत ना?”

“खाल्ली. दोनदा मागून खाल्ली.”

“मग तुम्हाला कळलं नाही?”

“पयल्या घासालाच कलला.”

“मग बोलला का नाही?”

“बोललो. जमादार म्हनला, कोठडीत हायस, चवीचा बोलू नको.” जमादारांचा हात खांद्यावर घेत तो म्हणाला, “मंग मी खाल्ली. अफूचा सरकारी दुकान बंद झाल्यापासून इतकी चांगली कोन देते?”

म्हातारा गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं अफूची गोळी घेत असे. त्यामुळे आमची चौकी आडवी झाली आणि त्याचे फक्त गुडघे बरे झाले.

जमादार वजनाला दोन माणसांचे होते. आम्ही त्यांना बराकीसमोरच्या अंगणात काढलं आणि फरपटत येरझाऱ्या घालू लागलो. मी त्यांच्या थोबाडीत मारत होते. म्हातारा म्हणाला, “जोरान मार, सायबाला मारतेस असा समजू नको.” मी तसं समजले नाही. दोन वर्षं मला ‘ए बाई, पाणी आण’ म्हणणाऱ्या माणसाला त्या दुपारी मी किती मारलं, ते मोजलं नाही. मारता मारता मला रडू येत होतं, तेही खरं आहे. पाय ओढायचे थांबले की आम्ही दोघं त्यांच्या तोंडाला कान लावून ऐकायचो.

बाजारातली माणसं जमली. वर्दीतली बाई आणि बिनबेडीचा कैदी मिळून जमादाराला बडवत फिरवताहेत, असं दृश्य छावणीने पाहिलं नव्हतं. एका कापडवाल्याने विचारलं, “बाई, आज पोलीस को ही पकड़ लिया क्या?” दुसरा म्हणाला, “दारू पी होगी. पकड़नी भी इनको, पीनी भी इनको.” मी त्या दुसऱ्याला म्हटलं, “बोलून झालं असेल तर धावत जाऊन डॉक्टरला आण. नाहीतर तुझं दुकान मी रोज तपासते.” तो धावला.

डॉक्टर आले. त्यांनी तिघांच्या पोटात रबरी नळी घातली, जांभळ्या औषधाचं पाणी सोडलं आणि सगळं बाहेर काढलं. मग काळी कॉफी पाजायला सांगितली. शिपाई दोघे तासाभरात डोळे उघडून लाजू लागले. जमादारांना मात्र आम्ही अंधार पडेपर्यंत चालवलं. डॉक्टर जाताना म्हणाले, “आजची रात्र काढली तर वाचले.” आणि म्हाताऱ्याकडे बोट दाखवून त्यांनी मला विचारलं, “हे तुमच्या खात्याचे का? फार हुशार आहेत.” मी म्हटलं, “हो, सध्या आमच्याकडेच असतात.”

ती भाजी चौकीत कशी आली, ते आता सांगते.

सकाळी एक हातगाडीवाला बांबूची मोठी टोपली घेऊन आला. कल्याण स्टेशनवर ती पार्सलने उतरली होती. चिठ्ठीवर सिंधी नाव होतं म्हणून हमालाने ती छावणीच्या गाडीत टाकली. त्या नावाचा माणूस अख्ख्या छावणीत सापडेना. गाडीवाला कंटाळला आणि टोपली आमच्या दारात ठेवून गेला.

टोपलीत ओला चिखल होता आणि चिखलात हातभर लांबीचे पांढरट देठ. सिंधी लोक याला भें म्हणतात. कमळाचा देठ, पाण्याखालचा. आडवा कापला की आत गोल भोकं दिसतात. त्या काळी सीमेपलीकडून, वाळवंटातल्या गाडीने, मागे राहिलेले नातेवाईक इकडच्यांना अशी भें पाठवत. टोपलीच्या काठावर खडूची खूण होती. सीमेवर सामान तपासून सोडलं की तशी खूण करतात.

मी डायरीत लिहिलं, ‘एक टोपली, कमळाचे देठ, चिखलासह, मालक मिळत नाही.’ चौकीतलं लिखाण माझ्याकडे असे, कारण जमादारांना लिहिण्यापेक्षा धावणं बरं वाटे. जमादारांनी वाचलं आणि म्हणाले, “नाशवंत माल आहे. नाशवंत मालाचा नियमाप्रमाणे ताबडतोब निकाल लावावा लागतो.”

नियम खरा होता. पंचनामा करून लिलाव करायचा असतो. आमच्या चौकीत निकाल स्टोव्हवर लागत असे. गाजरं, केळी, एकदा बदकसुद्धा. सगळ्यांना वाटा मिळे, मलाही मिळे, तेव्हा मी कोणाकडे बोट दाखवत नाही.

उंच शिपाई कोकणातला, स्वयंपाकाला चांगला. तो वरची जुडी उचलायला लागला तर जमादारांनी त्याला हटकलं. “वरची नको. वर नेहमी वाळकी ठेवतात. मी बाजारात वाढलोय.” आणि कोपरापर्यंत हात चिखलात घालून त्यांनी तळातला एक देठ काढला. वरचे चार-पाच घेतले ते नुसते भर म्हणून.

शिपायाने चिरली. तळातल्या देठाच्या भोकांत तपकिरी चिकट काहीतरी होतं. तो म्हणाला, “यात मसाला आधीच भरलेला दिसतो.” जमादार म्हणाले, “तशीच येत असेल.” शिजल्यावर चाखली तर कडू. गूळ घातला. तरी कडू. कोकम घातलं, खोबरं घातलं. तरी कडूच. कारलं असतं तर त्यांनी फेकून दिलं असतं, कारण कारलं किती कडू असावं हे त्यांना माहीत होतं. ही भाजी तिघांपैकी कोणी जन्मात खाल्ली नव्हती. तेव्हा ती कडूच असते, असं तिघांनी धरलं. जमादार तर म्हणाले, “सिंधी लोक एवढं कडू खातात, म्हणूनच गिऱ्हाइकाशी गोड बोलतात.” जाड फोडी त्यांनी स्वतःच्या ताटात घेतल्या.

मी बाजारातून एका बाईची झडती घेऊन आले, तेव्हा पातेलं रिकामं होतं. माझ्यासाठी त्यांनी घासायचं तेवढं ठेवलं होतं. त्यामुळे मी जागी राहिले. पुण्याई वगैरे काही नाही.

फौजदार संध्याकाळी आले. सगळं ऐकून त्यांनी टोपी काढली, घाम पुसला आणि मला विचारलं, “डायरीत काय लिहिलंय?”

“टोपली आली, एवढंच. पुढचं अजून नाही.”

“लिहा. रासायनिक तपासणीला पाठवण्यापूर्वी मालाची प्राथमिक तपासणी चौकीतच करण्यात आली.”

मी लिहिलं. पुढे कोर्टात वकिलाने ते वाक्य मोठ्याने वाचलं, तेव्हा न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला होता.

“कोठडी कोणी उघडली?” फौजदारांनी विचारलं.

“मी.”

“आरोपी पळाला का?”

म्हातारा अंगणात जमादारांना घेऊन फिरत होता. त्यानेच ओरडून सांगितलं, “सायेब, यांना सोडला तं पडतील!” फौजदार टोपी परत घालत म्हणाले, “कोठडीचं नंतर बघू.” ते नंतर कधी आलं नाही. जमादारांनी रात्र काढली. सकाळी त्यांनी पहिला शब्द उच्चारला तो “बाई, पाणी.” सवयीने मी आणलं.

आता तपास. टोपली उपसली तर वरची जुडी साधी निघाली आणि तळातले सगळे देठ अफूने भरलेले. फौजदारांना वाटलं, पाठवणारा सिंधी, घेणारा सिंधी, छावणीची झडती घ्यावी. छावणीत हजारो घरं. मी म्हटलं, “साहेब, आधी ज्यांची भाजी आहे त्यांना विचारू.”

शेजारच्या बराकीत एक सिंधी म्हातारी राहत असे. सगळे तिला अम्मा म्हणत. मला ती अदी म्हणे, म्हणजे बहीण. तिने टोपलीवर वाकून आधी चिखलाचा वास घेतला, बोटावर थोडा चिखल घेऊन पुन्हा घेतला. मग वरचा एक देठ आणि तळातला एक देठ असे दोन हातांत धरले.

“देख अदी. ये ऊपर वाली भें है। दोनों सिरे बंद। सिरा बंद हो तो अंदर मिट्टी नहीं जाती। और ये?” तळातला देठ तिने फौजदारांच्या नाकापुढे नाचवला. “दोनों तरफ से कटी हुई, फिर गारा लगाके बंद की। ये किस गधे ने किया?”

फौजदार म्हणाले, “कोणी सिंधीच असेल, अम्मा.”

“सिंधी?” अम्मा भडकली. “सिंधी को चोरी करनी हो तो किसी और चीज़ में करेगा, साहब! भें का सिरा तो हर औरत पहले देखती है। जिसने ये किया, उसने कभी भें न खरीदी, न खाई। तुम्हारे जैसा कोई होगा.”

फौजदारांनी ते अपमान म्हणून घेतलं. मी ते माहिती म्हणून घेतलं. नाव सिंधी आणि माणूस सिंधी नाही, तर चिठ्ठी नीट बघायला हवी होती. चिखल पुसला तर नावाखाली लिहिलेलं होतं, अंबरनाथ. टोपली अंबरनाथची होती. संशय येऊ नये म्हणून कोणीतरी सिंधी नाव घातलं, आणि ते नाव वाचूनच हमालाने टोपली आमच्याकडे पाठवली. म्हणजे अंबरनाथच्या पार्सल ऑफिसात कोणीतरी पावती घेऊन खेपा घालत असणार.

आम्ही वर साधी भें आणि खाली चिखल भरून टोपली अंबरनाथला पाठवली. मी साध्या लुगड्यात, अम्मा शेजारी, दोघी बाकावर बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. मोठ्या कारखान्याच्या रस्त्यावर त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. देशावरचा माणूस, स्वच्छ टोपी, सगळ्यांना नमस्कार करणारा. पावती त्याच्याकडे होती.

“माझ्या एका सिंधी दोस्ताची आहे,” तो म्हणाला. “मी नुसती नेतो.”

अडचण इथे होती. आत काय आहे ते मला ठाऊक नाही, असं तो म्हणाला तर पुढे काय? मारून कबूल करून घेण्याची पद्धत होती, नव्हती असं मी म्हणणार नाही. पण मारलेला माणूस आपल्याला हवं ते सांगतो. आपल्याला जे माहीत नाही ते त्यातून कळत नाही. फौजदारांनी त्याला चौकीत आणून खुर्ची दिली. “आमच्या चुकीने तुमची टोपली दोन दिवस अडकली. रागावू नका. जेवूनच जा. तुमच्यातलीच थोडी भें अम्मांनी केली आहे.”

ती भाजी अम्माने वरच्या चांगल्या देठांची केली होती. त्यात मीठमसाल्याशिवाय काही नव्हतं. हे आम्हाला माहीत होतं, त्याला नव्हतं.

अम्माने वाढता वाढता गोड आवाजात विचारलं, “बेटा, तुम्हारे घर में भें कैसे बनाते हैं?”

तो म्हणाला, “कोशिंबीर. दाण्याचं कूट घालून.”

अम्माने कपाळावर हात मारला. “कच्ची?”

“काकडीसारखी,” तो म्हणाला.

“अदी, इसको फाँसी दो,” अम्मा मला म्हणाली.

ताट त्याच्यापुढे होतं. त्याने हात लावला नाही. म्हणाला, आज उपास आहे. फौजदार म्हणाले, “आज कसला?” तो म्हणाला, “बायकोने धरलाय, म्हणून मीही.” मग पोट बिघडलंय म्हणाला. उपास आणि बिघडलेलं पोट एकाच वेळी सांगणारा माणूस खोटं बोलतो, हे मला शाळेत न जाताही कळलं असतं. पण ते कोर्टात चालत नाही.

“तुमची मर्जी,” फौजदार म्हणाले. त्यांनी स्वतःचं ताट ओढलं, मोठा घास केला आणि तोंडाकडे नेला.

तो माणूस खुर्चीतून उठला आणि त्याने फौजदारांचं मनगट धरलं. “साहेब, खाऊ नका! मराल!”

घास ताटात पडला. मग तो खाली बसला आणि त्याचं त्यालाच कळलं की आपण काय बोललो.

“आता बोला,” फौजदार म्हणाले.

तो बोलला. सीमेवर सामान तपासणारा सरकारी माणूस त्याच्या बायकोचा भाऊ होता. टोपल्या सिंधमधून चांगल्या येत. वरची जुडी तशीच ठेवून तळात मेहुणा भरलेले देठ ठेवी आणि स्वतःच तपासल्याची खडूची खूण करी. पुढे कोणी बघत नसे. एक तर सरकारी खूण, आणि दुसरं म्हणजे चिखल. सरहद्दीवर बंदूकधारी शिपाई उभे होते, परमिट तपासत होते, बायकांच्या बांगड्या मोजत होते. चिखलात हात घालायला कोणी तयार नव्हतं. अख्ख्या वाटेवर तो घातला आमच्या जमादारांनी, आणि तोही फुकटची ताजी भाजी मिळावी म्हणून.

सायकलवाल्याला शिक्षा झाली. त्याने घास अडवला हे फौजदारांनी कोर्टात आपणहून सांगितलं, म्हणून कमी झाली. मेहुण्याबद्दल आम्ही वर कळवलं. वरच्यांनी त्याहून वर कळवलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं की संबंधित इसमाची बदली करण्यात आली आहे. कुठे, ते फौजदारांनी चौकशी करून काढलं. त्याच सरहद्दीवर, दुसऱ्या फाटकावर.

या केसने मला काय शिकवलं, असं माझी नात विचारते. एक तर हे, की वाईट माणूस पूर्ण वाईट असता तर आम्हाला सापडला नसता. फौजदारांना खाऊ दिलं असतं आणि तो टोपली घेऊन घरी गेला असता. दुसरं सांगायला बरं वाटत नाही. मोठी चोरी पकडली ती आमच्या छोट्या चोरीने, म्हणून छोटी चोरी चांगली ठरत नाही. एका जेवणात तीन पोलीस मेले असते. त्यानंतर चौकीतला स्टोव्ह मी घरी नेला. तो सरकारी होता, हे मला मागाहून कळलं.

हातभट्टीवाल्याची केस उभी राहिली तेव्हा मुख्य साक्षीदार जमादारच होते. त्यांनी शपथ घेतली आणि सांगितलं, “आरोपीला मी ओढ्यात पाहिलं की नाही, आठवत नाही. त्या आठवड्यात माझी तब्येत बरी नव्हती.” म्हातारा सुटला. ही खोटी साक्ष होती. मी मागच्या बाकावर होते आणि उठले नाही. तसंच, केस संपल्यावर अम्माने साध्या भेंची एक जुडी ओढणीखाली नेली, तीही मी पाहिली नाही, असं इथे लिहिते.

त्या दिवशी ती भाजी चौघांनी खाल्ली होती. शिपाई दोघे जगले. म्हातारा जगला. जमादारही जगले, निवृत्त होऊन नातवंडं खेळवली, आणि मरेपर्यंत नवीन भाजी पानात आली की आधी बायकोला चाखायला लावत.